वेळ चुकलेला संघ : रोमानियाच्या रग्बीची युरोपातील वाटचाल

(पडद्यावर : बुखारेस्टची विजयकमान, तिच्या शेजारचे रग्बीचे मैदान, सरावासाठी उतरणारे पिवळ्या जर्सीतील खेळाडू.)

युरोपातील रग्बी म्हटले की इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्स ही पाच नावे ओघानेच येतात आणि २००० सालापासून त्यांच्या पंगतीला इटलीही बसला आहे. या सहा देशांची ‘सिक्स नेशन्स’ स्पर्धा दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस होते, भरल्या मैदानांत खेळली जाते आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांतून तिला भरपूर पैसाही मिळतो. उरलेल्या युरोपसाठी वेगळी स्पर्धा आहे. रोमानियाचा संघ या दुसऱ्या स्पर्धेत खेळतो. त्याच्या जर्सीवर ओकचे पान असते आणि मायदेशात त्याला ‘ओक वृक्ष’ याच नावाने ओळखतात. १९६० ते १९९१ या काळात या संघाने फ्रान्स, वेल्स आणि स्कॉटलंड या तिघांनाही हरवले, आणि तेही बहुतेक वेळा ते संघ ऐन भरात असताना. तरीही हे तिघे ज्या स्पर्धेत खेळत होते, तिचा एकही सामना रोमानियाच्या वाट्याला आला नाही.

हा खेळ रोमानियात आला तो पॅरिसहून. पहिल्या महायुद्धापूर्वी बुखारेस्टच्या सधन घरांतील मुले शिक्षणासाठी फ्रान्सला जात आणि परतताना फ्रेंच पुस्तकांबरोबर हा खेळही घेऊन येत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रोमानियाला रग्बीचे कांस्यपदक मिळाले, मात्र त्यामागची हकिकत सांगितली पाहिजे. स्पर्धेत संघ होते तीनच. रोमानिया फ्रान्सकडून ३–६१ असा आणि अमेरिकेकडून ०–३७ असा हरला, आणि दोन्ही सामने गमावूनही पदक घेऊन घरी परतला. पुढच्या पराक्रमाची चिन्हे या पदकात शोधण्यात अर्थ नाही.

खरी सुरुवात झाली ती दुसऱ्यांच्या भांडणातून. फ्रान्समधील क्लब खेळाडूंना छुपेपणाने पैसे देतात आणि तिथले सामने हाणामारीचे होतात, अशी तक्रार करून ब्रिटिश बेटांवरील चारही संघांनी १९३१ साली फ्रान्सशी खेळणे बंद केले. एकट्या पडलेल्या फ्रान्सने १९३४ मध्ये युरोप खंडातील देशांची ‘फिरा’ ही संघटना उभी केली. तिच्या संस्थापकांत इटली आणि जर्मनीबरोबर रोमानियाही होता. महायुद्धानंतर ब्रिटिश संघांनी फ्रान्सला पुन्हा जवळ केले, पण फ्रान्सने फिराही सोडली नाही. वसंतात मानाची ‘फाइव्ह नेशन्स’ (म्हणजे इटली येण्यापूर्वीची सिक्स नेशन्स) खेळायची आणि एरवी युरोपातील इतर देशांशी सामने करायचे, असा त्याचा दुहेरी संसार पुढे अनेक वर्षे चालला. इतर देशांविरुद्ध फ्रान्स पुष्कळदा दुय्यम संघ पाठवत असे, परंतु रोमानियाशी खेळताना तो आपला पहिला संघ उतरवत असे. एका अर्थाने रोमानियाच्या ताकदीला मिळालेली ती पहिली पावती होती.

(पडद्यावर : कृष्णधवल छायाचित्रे, ‘२३ ऑगस्ट’ मैदानातील गर्दी.)

१९५७ च्या मे महिन्यात बुखारेस्टच्या ‘२३ ऑगस्ट’ मैदानावर फ्रान्सने रोमानियाला १८–१५ असे हरवले, तेव्हा प्रेक्षकांची संख्या ९५,००० होती असे सांगतात. त्याच मैदानावर नंतर फुटबॉलचा सामना व्हायचा होता, त्यामुळे हे सगळे लोक रग्बीसाठी जमले होते असे मानण्याचे कारण नाही. तरीही अवघ्या तीन गुणांचा तो फरक फ्रेंचांनी नक्कीच ध्यानात घेतला असणार. १९६० पासूनची चार वर्षे त्यांना जड गेली. १९६० मध्ये रोमानियाने त्यांना ११–५ असे हरवले, १९६१ मध्ये बायोन येथे ५–५ अशी बरोबरी झाली, १९६२ मध्ये रोमानिया ३–० ने जिंकला आणि १९६३ मध्ये तुलूझला ६–६ असा सामना सुटला. त्या काळी ‘ट्राय’ला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवण्याला, तीनच गुण मिळत असत. त्यामुळे आज किरकोळ दिसणारे हे आकडे तेव्हा अटीतटीच्या लढतींचे होते.

आता शेजारी दुसरा तक्ता ठेवून पाहू. १९६० मध्ये फ्रान्स इंग्लंडसह फाइव्ह नेशन्सचा संयुक्त विजेता होता, तर १९६१ आणि १९६२ मध्ये एकटा विजेता. म्हणजे पश्चिम युरोपात ज्याला कोणी आवरू शकत नव्हते, तो संघ लागोपाठ चार वर्षे रोमानियाला हरवू शकला नाही. हा योगायोग एकदाच घडला असता तर सोडून देता आला असता. परंतु १९६८ च्या वसंतात फ्रान्सने चारही सामने जिंकून आपला पहिला ‘ग्रँड स्लॅम’ मिळवला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बुखारेस्टला तो १४–१५ असा हरला. १९७७ च्या फाइव्ह नेशन्समध्ये फ्रान्सने चारही सामन्यांत तेच पंधरा खेळाडू खेळवून ग्रँड स्लॅम साधला. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात रोमानियाने त्याला १५–१२ असे नमवले होते. १९८१ मध्ये पुन्हा फ्रान्सचा ग्रँड स्लॅम झाला, आणि त्याआधी काही महिने, नोव्हेंबर १९८० मध्ये, बुखारेस्टला त्याला एकही गुण मिळाला नव्हता : रोमानिया १५, फ्रान्स ०.

फिराची स्पर्धा रोमानियाने १९६९, १९७५, १९७७, १९८१ आणि १९८३ या वर्षी जिंकली. दूर मुंबई-पुण्याकडे बसून हे आकडे वाचणाऱ्यालाही एवढे कळेल की त्या काळात युरोप खंडातील रग्बीत खरी टक्कर फ्रान्स आणि रोमानिया यांचीच होती.

ही ताकद आली कुठून? साम्यवादी राजवटीत मोठे क्लब सरकारी खात्यांचे होते. ‘स्तेआवा’ लष्कराचा, ‘दिनामो’ गृहखात्याचा, तर ग्रिविता या कामगार वस्तीतील क्लब रेल्वेचा. खेळाडू कागदोपत्री सैन्यातील अधिकारी, पोलीस किंवा कारखान्यातील कामगार असे, पगार त्या खात्यातून निघत असे आणि कामाच्या वेळेत सराव चाले. पश्चिमेतील खेळाडू त्याच काळात नोकरी सांभाळून संध्याकाळी मैदानावर येत होते. रग्बी तेव्हा जगभर हौशी खेळ होता आणि नियमानुसार रोमानियाचे खेळाडूही हौशीच होते. त्यांचा खेळही या शिस्तीतूनच घडला होता. आठ धिप्पाड खेळाडू एकमेकांना घट्ट धरून समोरच्या आठांना रेटतात त्या ‘स्क्रम’मध्ये रोमानिया क्वचितच मागे हटे. चेंडू हळूहळू पुढे सरकवायचा, चूक करायला प्रतिस्पर्ध्याला भाग पाडायचे आणि पेनल्टीवर गुण घ्यायचे, ही त्यांची रीत होती. डोळ्यांना सुखावणारा हा खेळ नव्हता, पण त्याच्यापुढे टिकणे कठीण होते.

ब्रिटिश बेटांवरील संघ रोमानियाशी बराच काळ अंतर राखून होते. सामने होत, मात्र त्यांना पूर्ण कसोटीचा दर्जा दिला जात नसे. १९७९ मध्ये कार्डिफला वेल्सचा संघ जेमतेम १३–१२ असा सुटला, तर १९८० मध्ये डब्लिनला आयर्लंडशी १३–१३ अशी बरोबरी झाली. या दोन्ही सामन्यांत यजमानांनी आपल्या खेळाडूंना ‘कॅप’, म्हणजे अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्याची नोंद, दिली नव्हती. पुढे हे टाळता येईनासे झाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये वेल्स बुखारेस्टला ६–२४ असा पडला. मे १९८४ मध्ये, ग्रँड स्लॅम जिंकून जेमतेम दोन महिने झाले होते, तोच स्कॉटलंड २२–२८ असा हरला. १० डिसेंबर १९८८ रोजी तर रोमानियाने कार्डिफ आर्म्स पार्कवरच वेल्सला १५–९ असे हरवले. याच वेल्सने त्या वसंतात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही मात देऊन ‘ट्रिपल क्राउन’ पटकावला होता. वेल्सचा कर्णधार जोनाथन डेव्हिस त्यानंतर काही आठवड्यांतच ‘रग्बी लीग’ हा रग्बीचा वेगळा, व्यावसायिक प्रकार खेळायला निघून गेला.

मग रोमानियाला फाइव्ह नेशन्समध्ये का घेतले नाही? त्या दशकात या विषयाची चर्चा झाली, पण ती चर्चेपुढे सरकली नाही. कारण ही स्पर्धा कोणत्याही युरोपीय संघटनेची नव्हती. ती पाच यजमानांची खासगी मालमत्ता होती. तळाच्या संघाने बाहेर जावे आणि बाहेरच्या विजेत्याने आत यावे, असा नियमच तिच्यात नाही. त्यात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीतील देशात दर दुसऱ्या वर्षी हजारो प्रेक्षकांना घेऊन जाणे, तिकिटांचा व्यवहार करणे, प्रक्षेपण करणे हे कोणालाही सोयीचे वाटले नसते. आमच्या मते मैदानावरील कामगिरी हा या निर्णयातील सर्वांत दुय्यम भाग होता.

(पडद्यावर : एडिंबरोचे मरेफील्ड मैदान, त्यानंतर डिसेंबर १९८९ मधील बुखारेस्टचे रस्ते.)

९ डिसेंबर १९८९ रोजी स्कॉटलंडने मरेफील्डवर रोमानियाला ३२–० असे हरवले. त्या रात्री रोमानियाचा उंचपुरा खेळाडू क्रिस्तियान रदुकानु संघावर पाळत ठेवणाऱ्यांची नजर चुकवून निसटला आणि त्याने ब्रिटनमध्ये आश्रय मागितला. मागे राहिलेल्या कुटुंबाचे काय होईल याची धास्ती घेऊनच त्याने हे पाऊल उचलले असणार. पण अवघ्या तेरा दिवसांनी, २२ डिसेंबरला, चाउशेस्कूची सत्ताच कोसळली. त्या धामधुमीत बुखारेस्टच्या रस्त्यांवर कोण कोणावर गोळ्या झाडत आहे हे कळेनासे झाले होते. फ्लोरिका मुरारियु हा स्तेआवाचा खेळाडू आणि सैन्यातील अधिकारी अशाच एका नाक्यावर गोळी लागून मरण पावला. कार्डिफला वेल्सला हरवणाऱ्या संघाचा कर्णधार तोच होता. मृत्यूच्या वेळी त्याचे वय चौतीस होते.

एवढे होऊनही संघ लगेच ढासळला नाही. मे १९९० मध्ये ओश या गावी रोमानियाने फ्रान्सला १२–६ असे हरवले. फ्रान्सच्या भूमीवरचा त्याचा हा पहिलाच विजय. ऑगस्ट १९९१ मध्ये बुखारेस्टला स्कॉटलंड १२–१८ असा हरला आणि हा स्कॉटलंडही आदल्या वर्षीचा ग्रँड स्लॅम विजेता होता. पण पायाखालची जमीन सरकत होती. लष्कर आणि गृहखाते यांच्या तिजोरीतून क्लबांना मिळणारा पैसा आटला आणि सीमा खुल्या झाल्याने चांगले खेळाडू फ्रान्समधील क्लबांकडे गेले. १९९५ मध्ये रग्बी उघडपणे व्यावसायिक झाली, तेव्हा ज्यांच्याकडे प्रेक्षक, प्रायोजक आणि दूरचित्रवाणी होती त्यांचेच फावले.

नेमक्या याच वेळी इटलीचे दिवस फिरले. त्रेव्हिझोसारख्या शहरांत उद्योगांचा पैसा क्लबांमागे उभा होता. १९९५ ते १९९८ या काळात इटलीने आयर्लंडला तीनदा आणि स्कॉटलंडला एकदा हरवले, शिवाय मार्च १९९७ मध्ये ग्रेनोबलला फिरा चषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सवर ४०–३२ अशी मात केली. २००० साली फाइव्हची सिक्स नेशन्स झाली आणि सहावी जागा इटलीला मिळाली. इटलीने ती मेहनतीने कमावली होती, यात वाद नाही. पण रोमानियाचे १९८० च्या दशकातील निकाल याहून वरचढ होते, हेही कबूल करावे लागते.

त्याच वर्षी उरलेल्या देशांसाठी नव्या रूपात सुरू झालेल्या युरोपीय स्पर्धेचे पहिले विजेतेपद रोमानियाने घेतले. मात्र वरच्या आणि खालच्या पायरीतील अंतर किती वाढले आहे हे १७ नोव्हेंबर २००१ रोजी ट्विकनहॅमला दिसले. इंग्लंड १३४, रोमानिया ०. पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या चार्ली हॉजसनने एकट्याने ४४ गुण केले.

तेव्हापासूनची खरी स्पर्धा जॉर्जियाशी आहे. या दोघांतील सामन्याला २००२ पासून ‘अंतिम’ चषक ठेवलेला असतो. हे नाव जॉर्जियात जन्मलेल्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुढे बुखारेस्टला धर्मगुरू व ग्रंथमुद्रक म्हणून मोठ्या पदाला पोहोचलेल्या संत अंतिम यांचे आहे. सुरुवातीची काही वर्षे चषक इकडून तिकडे फिरत राहिला, नंतर तो बहुधा तिबिलिसीलाच राहू लागला. मार्च २०१७ मध्ये रोमानियाने बुखारेस्टला ८–७ असा निसटता विजय मिळवून युरोपीय स्पर्धा जिंकली, त्यानंतर मात्र कित्येक वर्षे जॉर्जियाने ती सोडली नाही.

पुढच्या काळात मैदानापेक्षा कागदपत्रांनीच जास्त निर्णय दिले. १९८७ पासून प्रत्येक विश्वचषक खेळलेला रोमानिया २०१९ च्या विश्वचषकाला मुकला, कारण पूर्वी दुसऱ्या देशाकडून खेळलेला, म्हणून अपात्र ठरणारा खेळाडू त्याने युरोपीय सामन्यांत खेळवला होता. त्याचे गुण कापले गेले आणि जागा रशियाला मिळाली. चार वर्षांनी स्पेननेही अपात्र खेळाडू खेळवला आणि त्याच्या जागी रोमानियाला २०२३ चा विश्वचषक मिळाला. तिथे आयर्लंडकडून ८–८२, दक्षिण आफ्रिकेकडून ०–७६ आणि स्कॉटलंडकडून ०–८४ असे पराभव पाहावे लागले.

२०२५ च्या युरोपीय स्पर्धेतून जॉर्जिया, स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यासह रोमानियाने ऑस्ट्रेलियातील २०२७ च्या विश्वचषकात जागा मिळवली आहे. इकडे जॉर्जियाने २०२२ मध्ये बातुमीला इटलीवर आणि कार्डिफला वेल्सवर मात केली, आणि चाळीस वर्षांपूर्वी रोमानियाबाबत झाली तशीच चर्चा आता त्याच्याबाबत होते आहे. सिक्स नेशन्समध्ये तळाच्या संघाला खाली पाठवण्याचा नियम अजूनही नाही.