आधी समजून, मग सही

(दृश्य : सकाळ, पुण्यातल्या रुग्णालयाची मागची इमारत, बाकावर बसलेली माणसं)

सकाळचे सात. या बाकावरच्या कुणीही अजून चहा घेतलेला नाही. रात्रीच्या जेवणानंतर पोटात फक्त पाणी. कुणी धायरीहून आलंय, कुणी हडपसरहून पहिल्या बसने. सगळ्यांना टाइप टू मधुमेह आहे. मेटफॉर्मिन ही साखरेची नेहमीची गोळी चालू आहे, पथ्यही चालू आहे, तरी साखर आटोक्यात येत नाही. त्यांच्यासाठीच्या एका नव्या गोळीची इथे चाचणी चालू आहे.

(दृश्य : रक्ताच्या नळ्या, जवळून)

राखाडी टोपणाची नळी उपाशीपोटीच्या साखरेची. जांभळ्या टोपणाची तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीए१सीची. हा आकडा ६.५ टक्के किंवा त्याहून वर गेला की मधुमेह. गोळी पास की नापास, ते मुख्यतः या जांभळ्या टोपणाखाली ठरणार. बाकीच्या नळ्या यंत्रात गरगर फिरतात, वर आलेला पिवळसर द्रव अलगद काढून घेतात आणि थेट अतिशीत फ्रीझरमध्ये ठेवतात.

(दृश्य : जुना छापील फोटो, शेजारी शेजारी दोन डॉक्टर)

औषध परदेशात तपासलेलं असलं, तरी ते पुण्यात पुन्हा का तपासायचं? याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा हा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचंही २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२. काट्यावर सडपातळ, आतून मात्र चरबी जास्त, असं आपलं शरीर आहे. आसपासच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून केला, आणि जन्मतः कमी वजनाच्या आपल्या बाळांतही हेच दिसलं. गोरा, धिप्पाड माणूस समोर ठेवून ठरवलेला डोस आपण डोळे झाकून का घ्यावा?

(दृश्य : छोटी खोली, टेबल, तिकाटण्यावर कॅमेरा)

ही खोली आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टेबलावर मराठी संमतीपत्रक आहे. समोर धायरीच्या मावशी बसल्यात, शेजारी त्यांची सून. समन्वयक ताई एकेक परिच्छेद वाचतात आणि थांबतात. नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातल्या सहभागींच्या संमतीचं चित्रीकरण करावं, असं २०१९ चे नियम सांगतात. इथे सगळ्यांचंच करतात.

एका पानावर मावशी बोट ठेवतात.

“म्हणजे मला नुसती खोटी गोळी पण मिळू शकते?”

“मिळू शकते, मावशी. पाकिटावर फक्त नंबर आहे. आत काय आहे ते मलाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही.”

“आणि माझी साखर वाढली तर?”

“ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली, तर लगेच दुसरं औषध सुरू करायचं. ते याच पानावर खाली लिहिलंय, बघा.”

मावशी खालचा मजकूर स्वतः वाचतात. सूनबाई विचारतात, मधेच सोडता येतं का? येतं. कधीही, कारण न सांगता, आणि इथले नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्रयस्थ साक्षीदार बसतो, मग अंगठा. सही झालेली एक प्रत मावशींच्या पिशवीत जाते. ही प्रत मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

(दृश्य : गोळ्यांचं पाकीट, पाण्याचा पेला)

ही नवी गोळी जीएलपी-१ या जातीची, म्हणजे जेवणानंतर इन्सुलिन वाढवणाऱ्या आतड्यातल्या संप्रेरकासारखं काम करणारी. या जातीचं औषध बरीच वर्षं सुईनेच घ्यावं लागे, कारण पोटात गेलं की ते पचून जाई. गोळीच्या रूपातलं पहिलं औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. तेही उपाशीपोटी, फार तर १२० मिलिलिटर पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. आता तपासल्या जाणाऱ्या काही नव्या गोळ्यांना हा नियम नाही. पहाटे उठून घरादाराचं आवरणाऱ्या बाईसाठी ही केवढी सोय आहे!

(दृश्य : टेबलावर उलटी केलेली पाकिटं)

दर भेटीला रिकामी पाकिटं परत आणायची. उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. मळमळ, जुलाब झाले की डायरीत नोंद. गंभीर काही घडलं तर डॉक्टरांनी २४ तासांत वर कळवायचं.

(दृश्य : संगणकाचा पडदा)

भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआयच्या, म्हणजे ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’च्या संकेतस्थळावर आहे. ही नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही पाहता येते. तुम्हाला कुणी चाचणीत यायला सुचवलं, तर आधी तिथे नाव शोधा. मराठी पत्रक मागा, घरी न्या, घरच्यांना दाखवा. सहभागींच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा फोन नंबर त्यावर असतो. शंका असेल तर सही करण्याआधी तिथे फोन करा.