देव मानणाऱ्याला उत्क्रांती मानता येते का?

नमस्कार.

जानेवारी २०१८. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एका वैदिक संमेलनासाठी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह आले होते. तिथे ते म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणीही पाहिलेलं नाही, आणि अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून विरोध केला. सिंह यांच्याच खात्याचे कॅबिनेट मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. वाद थोड्याच दिवसांत विरला.

घरातला प्रश्न मात्र विरत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. मुलगी दुपारी तो धडा शिकते आणि दिवेलागणीला आजीजवळ बसून शुभंकरोती म्हणते. मग कधीतरी विचारते, यातलं खरं काय? हा व्हिडिओ तिच्यासाठी आहे, आणि तिच्या आजीसाठीही.

माझं मत आधीच सांगते. देव मानणाऱ्याला उत्क्रांती मानता येते. हातचं काही न राखता, पूर्ण मानता येते. मात्र ते फुकटात होत नाही. काहीतरी सोडावं लागतं.

आधी ‘कुणी पाहिलं?’ हे घेऊ. आजच्या माकडापासून माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही. चिंपांझी आपला आजोबा नाही, तो आपला चुलत भाऊ. दोघांचा पूर्वज एक होता, आणि वाटा वेगळ्या झाल्या सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. ते पाहायला कोण असणार? पण खून होताना कुणी पाहिला नाही म्हणून कोर्ट खटला सोडून देत नाही. मागे उरलेल्या खुणा तपासतं.

[स्क्रीनवर: माणूस ४६, चिंपांझी ४८]

अशी एक खूण जवळून बघू या. आपल्या पेशीत गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक माहितीचे धागे, ४६, म्हणजे २३ जोड्या. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या तिघांत ४८, म्हणजे २४ जोड्या. पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं जोडली गेली असणार. आता गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एक ठरावीक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. दोन साड्या पदराला पदर लावून शिवल्या, तर पदर टोकाला न राहता मध्येच दिसेल ना? माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात अगदी तसंच आहे. टोकाचा मजकूर मध्येच, आणि तोही समोरासमोर उलटा. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक गुणसूत्रबिंदू असतो, पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं ती जागा. इथे चालू असलेला एक आहे, आणि दुसऱ्या, बंद पडलेल्या बिंदूच्या खुणाही आहेत. आधी अंदाज बांधला, मग शोधलं, आणि सापडलं. मला हा पुरावा फार आवडतो, कारण तो तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हाच पुरावा कोर्टात मांडला गेला. डोव्हर गावच्या शाळा मंडळानं ठरवलं होतं की जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीला पर्याय म्हणून ‘बुद्धिमान रचना’ या कल्पनेचा, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान रचनाकारानं घडवले या म्हणण्याचा, उल्लेख व्हावा. पालक कोर्टात गेले. पालकांच्या बाजूनं पहिली साक्ष दिली ब्राउन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी. हे मिलर श्रद्धावान कॅथलिक आहेत. न्यायाधीश जॉन जोन्स लूथरन ख्रिस्ती, त्यांची नेमणूक तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केलेली. डिसेंबरमध्ये त्यांनी निकाल दिला: बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही. आणि त्याच निकालात हेही लिहिलं की उत्क्रांती मानणं म्हणजे ईश्वराला नाकारणं, हे गृहीतकच साफ खोटं आहे.

कॅथलिक चर्चनं तर १९५० मध्येच मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा व्हायला हरकत नाही असं म्हटलं होतं, आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती हे आता निव्वळ गृहीतक राहिलेलं नाही असं जाहीरपणे सांगितलं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे विरोधापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त ऐकू येते: ‘दशावतार म्हणजे उत्क्रांतीच की! आधी मासा, मग कासव, मग वराह, मग अर्धा माणूस.’ ही जोडणी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलीये. थिऑसॉफी या अध्यात्मिक चळवळीच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी केली, ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनीही केली. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे मला कळतं. तरी मला ती पटत नाही. उत्क्रांती ही माणसापर्यंत चढत जाणारी शिडी नाही, ते फांद्या फुटत गेलेलं झाड आहे. वामनापासून कृष्णापर्यंत तर शरीर बदलतच नाही. आणि नववा अवतार कोण? कुठे बुद्ध, काही याद्यांत बलराम, आणि आपल्याकडे महाराष्ट्र-गोव्यात कित्येक ठिकाणी त्या जागी विठोबा उभा आहे. भक्तांनी आपल्या लाडक्या देवाला यादीत बसवलं, ही भक्तीची रीत झाली. मला ती सुंदर वाटते. तिला जीवशास्त्राचं प्रमाणपत्र कशाला हवं? उद्या जीवशास्त्रानं एखादी वंशावळ बदलली, तर आपण मत्स्यावताराची गोष्ट बदलणार आहोत का?

खरी अडचण माकडात नाहीच. ती वेगळीकडे आहे, आणि डार्विनला ती आपल्यापेक्षा जास्त टोचत होती.

हरभरा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना घाटेअळी सांगायला नको. त्या अळीवर कॅम्पोलेटिस नावाची एक बारीक गांधीलमाशी येते. मादी कोवळ्या अळीच्या अंगात अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू जिवंत अळीला आतून खात वाढतं, शेवटी बाहेर पडतं आणि तिच्या रिकाम्या कातडीशेजारीच कोष विणतं. शेतकरी तिला मित्रकीटक म्हणतो, आणि त्याच्या बाजूनं ते खरंच आहे. पण अळीच्या बाजूनं?

याच कुळातल्या माश्यांबद्दल डार्विननं मे १८६० मध्ये हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलं: दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं मुद्दाम असा जीव घडवला असेल, हे माझ्या मनाला पटत नाही. डार्विनची लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची असताना वारली होती. त्याच्यासाठी हा नुसता पुस्तकी प्रश्न नव्हता.

इथे काहीतरी सोडावं लागतं. प्रत्येक जीव देवानं स्वतंत्रपणे, माणसाच्या सोयीसाठी घडवला, ही कल्पना टिकत नाही. निसर्गातली प्रत्येक गोष्ट चांगल्यासाठीच आहे, हे समाधानही टिकत नाही. पण दुःख असताना देवाला कसं मानायचं, हा प्रश्न काही डार्विननं आणलेला नाही. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी भांडण मांडलं, ते डार्विनच्या दोनशे वर्षं आधी. त्यांनी भांडणही सोडलं नाही आणि विठ्ठलही सोडला नाही. ती श्रद्धा निसर्ग गोड असण्यावर उभी नव्हती, म्हणून गांधीलमाशीनं ती पडेल असं मला वाटत नाही.

एसा ग्रे प्रेस्बिटेरियन पंथाचे ख्रिस्ती होते आणि शेवटपर्यंत श्रद्धावान राहिले. अमेरिकेत डार्विनची बाजू त्यांच्याइतकी कुणीच लढवली नसेल. सजीवांत होणाऱ्या बदलांना देव दिशा देतो, असं त्यांना वाटे. डार्विनला ते मान्य नव्हतं, आणि १८६८ मध्ये त्यानं तसं पुस्तकात छापलंही. पण त्याआधी, १८६१ मध्ये, नैसर्गिक निवड आणि ईश्वर यांत विरोध नाही असं मांडणारी ग्रे यांची पुस्तिका इंग्लंडमध्ये निघावी म्हणून डार्विननं स्वतः खटपट केली, खर्चाला हातभार लावला आणि ओळखीच्यांना प्रतीही पाठवल्या.

१८७९ मध्ये एकानं पत्र लिहून डार्विनला थेट हाच प्रश्न विचारला. डार्विन तोवर स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणू लागला होता. त्यानं कळवलं की माणूस उत्कट ईश्वरवादी आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकतो, याबद्दल शंका घेणंच त्याला हास्यास्पद वाटतं. आणि उदाहरण म्हणून नाव दिलं एसा ग्रे यांचं.