उद्यमनगरातलं लॉगिन

(पाऊस. पत्र्यावरून पडणारी धार. खालून लेथचा आवाज. अरुंद जिना, वरची खोली.)

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. खाली लेथ चालू आहेत. वरच्या खोलीत १९८६ साली बाजारात आलेला, टँडी कंपनीचा घरगुती कलर कॉम्प्युटर ३ चालू आहे. त्याला जोडलेल्या हिरव्या पडद्याच्या टर्मिनलवर नाव टाकलं, पासवर्ड टाकला, तरी यंत्र आत घेत नाही. तीनदा चुकलं की लॉगिन प्रोग्राम गुंडाळतो आणि पडदा गप्प होतो. यंत्र मेलेलं नाही. पुन्हा एंटर दाबायची वाट बघतंय.

(क्लोज-अप: ट्रान्सफॉर्मर, त्याची जाड वायर.)

यंत्र अमेरिकेचं, १२० व्होल्टचं. आपल्या भिंतीत २३०. मधला हा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नसता, तर ही फिल्म इथंच संपली असती. त्यांची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०, याची काळजी मात्र नको. यातलं घड्याळ भिंतीतल्या विजेवर नाही, व्हिडिओ सिग्नलच्या सेकंदाला ६० ठोक्यांवर चालतं.

(फ्लॉपी ड्राइव्हचा लाल दिवा. करकर.)

आत आहे ओएस-९ ही ऑपरेटिंग सिस्टिम. ॲपलनं १९९९ मध्ये याच आकड्याची मॅक ओएस ९ काढली, तिचा याच्याशी संबंध नाही. हे अमेरिकेतल्या डी मॉइनच्या मायक्रोवेअर कंपनीचं काम, मोटोरोलाच्या ६८०९ या आठ बिटांच्या चिपसाठी केलेलं. ज्या काळात घरगुती कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीला जोडलेलं बेसिक आणि कॅसेट, त्या काळात या सिस्टिमवर एकाच यंत्रावर दोन-तीन माणसं, प्रत्येकाचं नाव, पासवर्ड, स्वतःची डिरेक्टरी असं सगळं चालायचं. तेही कधी ६४ के मेमरीत! खरं तर ६४ के मध्ये दुसरा माणूस आत आला की २०७ नंबरची एरर येऊ शकायची, मेमरी संपली. कलर कॉम्प्युटर ३ मध्ये ५१२ के बसते, म्हणून इथं दोन टर्मिनलं निवांत चालतात. असली यंत्रं भंगारात किलोवर जातात, ते बघवत नाही.

(हात. काळी कार्ट्रिज ओढून बाहेर. पिवळट पडलेले पट्टे, पांढरा खोडरबर.)

पॉवर बंद करूनच कार्ट्रिज काढायची. चालू यंत्रातून ओढली तर चिप जाऊ शकते. ही आरएस-२३२ पॅक, टर्मिनलची केबल हिच्यातच लागते. पावसाळ्यात हे पट्टे काळवंडतात. पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं घासायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचे, वाळले की परत बसवायचं.

(केबलचा कनेक्टर उघडलेला. सोल्डरिंगचा धूर.)

लॉगिन अडलं की लोक आधी पासवर्ड बदलतात. इथं आधी केबल उघडतात. पॅकमध्ये ६५५१ नावाची चिप आहे. तिला कॅरियर मिळाल्याची, म्हणजे समोर कोणी जोडलेलं असल्याची, खूण दिसली नाही तर ती समोरून आलेलं वाचत नाही, आणि सीटीएसची, म्हणजे "आता पाठव" अशी, खूण नसली तर पाठवत नाही. म्हणून २५ पिनच्या कनेक्टरमध्ये २ आणि ३ नंबरच्या वायरी उलट-सुलट, ७ नंबर, म्हणजे ग्राउंड, थेट ७ ला, ४ आणि ५ एकमेकांना, आणि ६, ८, २० तिघं एकत्र. दोन्ही टोकांना. बाजारातल्या तयार केबलमध्ये बऱ्याचदा २, ३, ७ एवढ्याच वायरी असतात आणि माणूस दिवसभर पासवर्ड टाइप करत बसतो.

(पडदा: चौकोन, टिंबं, कचरा अक्षरं.)

पडद्यावर असा कचरा आला तर वेग जुळत नाही. मुख्य कीबोर्डवरून एक्समोड ही कमांड देऊन /टी२ ची, म्हणजे या पॅकवरच्या लाइनची, सेटिंगं बघायची. बॉडचा, म्हणजे वेगाचा, आकडा ६ म्हणजे ९६००, ३ म्हणजे १२००. गोम अशी की एक्समोड फक्त लाइनचं मूळ वर्णन बदलतो. टर्मिनलवर पहारा देणाऱ्या टीएसमॉननं लाइन आधीच उघडलेली असते, ती जुन्याच वेगानं चालू राहते. प्रॉक्स ई देऊन चालू कामांच्या यादीत टीएसमॉनचा नंबर बघायचा, किल करायचा, मग एक्समोड, मग टीएसमॉन परत. हा क्रम चुकला की "बदललं तरी काही होत नाही" ही तक्रार.

प्रत्येक अक्षर दोनदा दिसतंय? टर्मिनलचा लोकल एको, म्हणजे टाइप केलेलं स्वतःच दाखवणं, बंद करा. एको ओएस-९ देतंच.

(स्टार्टअप फाइल पडद्यावर. बोट एका चिन्हावर.)

यंत्र सुरू होताना चालणाऱ्या स्टार्टअप फाइलमध्ये टीएसमॉन /टी२ च्या शेवटी हे अँडचं चिन्ह (&) हवं. ते राहिलं तर मुख्य पडदा तिथंच लटकतो. आणि त्याआधी सेटाइम, वेळ लावणारी कमांड. वेळ कशाला हवी म्हणून लोक ती ओळ काढतात, पण घड्याळ सुरू झाल्याशिवाय एकाहून जास्त कामांना आळीपाळीनं वेळ वाटला जात नाही. २२१ एरर, म्हणजे मॉड्यूल सापडत नाही, आली तर एमडिर देऊन मेमरीतल्या मॉड्यूलची यादी बघा, पॅक चालवणारे एसीआयएपॅक आणि टी२ हे दोन मॉड्यूल बूट फाइलमधून आलेत का.

(ड्राइव्ह फिरतोय. मुलीची बोटं कीबोर्डवर, भरभर.)

आता हे नीट बघा. एंटर दाबलं, ड्राइव्ह फिरला, आणि तिनं लगेच नाव टाइप केलं. फ्लॉपीतून सेक्टर येत असताना हा कॉम्प्युटर प्रोसेसरच थांबवून ठेवतो. ९६०० वेगाला एक अक्षर साधारण एक मिलिसेकंदात येतं, आणि ६५५१ जवळ एकाच आलेल्या अक्षरापुरती जागा. "रंकाळा" टाइप केलं, आत गेलं "काळा". प्रॉम्प्ट येईपर्यंत हात आवरायचा. आणि स्टार्टअपमध्ये लोड लॉगिन अशी ओळ घालायची, म्हणजे तो प्रोग्राम दर वेळी फ्लॉपीवरून आणावा लागत नाही.

(डम्प कमांडचा आउटपुट. आकड्यांच्या रांगा. कॅमेरा हळूहळू जवळ.)

एवढं करूनही आज कोणालाच आत घेत नव्हतं. मग सिस डिरेक्टरीतली पासवर्ड नावाची फाइल डम्प केली, म्हणजे तिच्यातलं अक्षरन् अक्षर आकड्यांत बघितलं. एका ओळीत एक माणूस: नाव, पासवर्ड, यूजर नंबर, प्रायोरिटी, कमांड्सची डिरेक्टरी, डेटाची डिरेक्टरी, पहिला प्रोग्राम. सात रकाने, सहा कॉमा. एक कॉमा खाल्ला की सगळं एक घर सरकतं, आणि आत घेतलेला माणूस शेल, म्हणजे कमांड घेणारा पहिला प्रोग्राम, न सापडल्यानं त्याच पावली बाहेर पडतो. कॉमा मोजले. बरोबर होते.

"वाच की, वळीच्या शेवटाला काय हाय?"

"शून्य-ए, काका."

"तिथं शून्य-डी पायजे."

फाइल लॅपटॉपवर लिहून फ्लॉपीच्या इमेजमध्ये टाकलेली होती. लॅपटॉपनं ओळ लाइन फीडनं संपवली, म्हणजे ०ए. ओएस-९ ला ओळ संपायला कॅरेज रिटर्न लागतो, ०डी. त्यामुळं चार माणसांची फाइल त्याला एकच लांबलचक ओळ दिसत होती. लॅपटॉपवरून फ्लॉपीच्या इमेजमध्ये फाइली टाकायला टूलशेड वापरत असाल तर ओएस९ कॉपीला एल हा पर्याय द्या, तो ओळींची टोकं बदलून देतो. इथं साधा रस्ता धरला: रिनेम देऊन जुनी फाइल बाजूला, मग बिल्ड देऊन नवी फाइल यंत्रावरच टाइप केली. रिकाम्या ओळीवर एंटर, संपलं.

हेच दुखणं टर्मिनलमध्येही निघतं. एंटरला दोन्ही चिन्हं पाठवली तर नावाच्या एंटरमागचं लाइन फीड पासवर्डचं पहिलं अक्षर बनतं. फक्त कॅरेज रिटर्न पाठवा.

(दोन ड्राइव्ह शेजारी. एकाचा दिवा लागतो.)

दुरुस्त फाइल एका फ्लॉपीवर आणि लॉगिन वाचतंय दुसरीवरची, असंही होतं. कुठला दिवा लागतो ते बघा.

पासवर्ड या फाइलमध्ये उघडे असतात. ॲटर देऊन पब्लिक रीड, म्हणजे कोणालाही वाचायची परवानगी, काढून टाका. यूजर नंबर ० फक्त एकालाच द्या, त्याला सगळं उघडं असतं. बाकीच्यांना २१४ एरर आली तर ती परवानगीची अडचण, लॉगिनची नाही.

(हिरवा पडदा. नाव. पासवर्ड. शेलचा प्रॉम्प्ट. खाली लेथ थांबतो.)

बाहेर पडताना ओळीच्या सुरवातीलाच एस्केप दाबायचं. नुसतं उठून गेलात तर पुढचा माणूस तुमच्याच नावानं काम करत राहील आणि "हे लॉगिन विचारतच नाही" म्हणून केबल उघडायला घेईल.

(एस्केपवर बोट. पडदा रिकामा. पाऊस.)