रॉचेस्टर : एका शहराची शिरगणती

[दृश्य : तहसील कचेरीसमोरील दुकानांची रांग. एका पाटीवर ‘झेरॉक्स’.]

महाराष्ट्रातील कोणत्याही तहसील कचेरीसमोर सातबाऱ्याची किंवा गुणपत्रिकेची नक्कल काढून देणारे एक तरी दुकान असते आणि त्याच्या पाटीवर बहुधा एकच शब्द असतो : झेरॉक्स. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तो मुळात एका कंपनीचे नाव आहे आणि ती कंपनी एका विशिष्ट गावात वाढली, हे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. जुन्या फोटो स्टुडिओंच्या पिवळ्या पाट्यांवरचे ‘कोडॅक’ हे नावही त्याच गावचे. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिण काठाला असलेले हे मध्यम आकाराचे शहर म्हणजे रॉचेस्टर.

१९५० च्या जनगणनेत या शहरात ३,३२,४८८ माणसे राहत होती. २०२० च्या जनगणनेत ती २,११,३२८ भरली. सत्तर वर्षांत शहराने एकतृतीयांशाहून अधिक वस्ती गमावली. असे का झाले, हे विचारल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येते, ते म्हणजे कोडॅक बुडाली आणि शहर बसले. हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. जनगणनेचे आकडे कंपनीच्या हजेरीपटाशेजारी ठेवून पाहिले, की गोष्ट निराळी दिसू लागते.

[दृश्य : भर शहरात कोसळणारा जेनेसी नदीचा धबधबा.]

जेनेसी नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि सरोवराला मिळण्यापूर्वी ऐन शहराच्या मध्यात सुमारे तीस मीटर खाली कोसळते. हे पाणीच शहराचे पहिले भांडवल होते. धबधब्याच्या जोरावर पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, १८२५ मध्ये पूर्ण झालेल्या ईरी कालव्याने तेथील पीठ न्यूयॉर्क बंदरापर्यंत स्वस्तात पोहोचवले, आणि १८३४ मध्ये नगराचा दर्जा मिळाला तेव्हा रॉचेस्टर ‘पिठाचे शहर’ म्हणून देशभर ओळखले जात होते. पुढे गहू पश्चिमेकडे सरकला आणि येथे रोपवाटिका बहरल्या. इंग्रजीत पीठ आणि फूल या शब्दांचा उच्चार सारखाच असल्याने टोपणनाव न बदलताच त्याचा अर्थ बदलला. याच शहरातून फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ पासून गुलामगिरीविरोधी वृत्तपत्र चालवले, आणि याच शहरात १८७२ मध्ये सुझन अँथनी यांनी स्त्रियांना अधिकार नसताना मतदान केले, त्यासाठी त्यांना अटक झाली. दोघांच्याही कबरी येथील माउंट होप दफनभूमीत आहेत.

जॉर्ज ईस्टमन हा बँकेत कारकुनी करणारा तरुण. त्याने १८८० मध्ये छायाचित्र टिपण्यासाठी लागणाऱ्या, रसायन लावलेल्या कोरड्या काचा बनवण्याचा उद्योग सुरू केला आणि १८८८ मध्ये कोडॅक नावाचा कॅमेरा बाजारात आणला. पंचवीस डॉलरच्या त्या पेटीत शंभर छायाचित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की गिऱ्हाईक अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवी आणि छापील छायाचित्रांसह नवी फिल्म भरून तो परत मिळवी. छायाचित्रकला सामान्य माणसाच्या हाती आली ती अशी. त्याआधीच, १८५३ मध्ये, बॉश आणि लॉम या भागीदारांनी येथे चष्म्याच्या व भिंगांच्या धंद्याचा पाया घातला होता. भिंगे घासणारे, रसायने हाताळणारे, सूक्ष्म मोजमापात तरबेज असे कारागीर गावात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेले. पुढे जे काही वाचले ते या हातांमुळे वाचले, हे ध्यानात ठेवावे लागेल.

ईस्टमनने १९१२ पासून कामगारांना नफ्याचा वाटा देण्यास सुरुवात केली. हा ‘वेतन लाभांश’ हाती पडण्याचे दिवस आले, की मोटारींचे आणि घरगुती सामानाचे दुकानदार जाहिराती लावून वाट पाहत. शाळा संपवून मुलगा कोडॅकमध्ये लागायचा, घर घ्यायचा, तेथूनच निवृत्त व्हायचा, आणि त्याचा मुलगाही तेथेच चिकटायचा. दरम्यान हॅलॉइड नावाच्या एका लहानशा स्थानिक कंपनीने चेस्टर कार्लसन यांचा कोरड्या नकलेचा शोध हाती घेतला आणि १९५९ मध्ये ‘९१४’ हे यंत्र बाजारात आणले. जवळजवळ तीनशे किलो वजनाचे ते धूड साध्या कागदावर नक्कल काढी. त्यात कागद कधी कधी पेट घेत असल्याने सोबत आग विझवण्याचे साधनही दिले जाई. तरीही त्याने कंपनीचे नशीब उघडले, आणि १९६१ मध्ये कंपनीचे नावच झेरॉक्स झाले.

[दृश्य : जनगणनेच्या नोंदी. एकाखाली एक सरकणारे आकडे.]

१९६० मध्ये शहराची वस्ती ३,१८,६११ होती. १९७० मध्ये ती २,९६,२३३ झाली आणि १९८० मध्ये २,४१,७४१. म्हणजे तीस वर्षांत नव्वद हजारांहून अधिक माणसे कमी झाली. आणि कोडॅकचा हजेरीपट काय सांगतो? रॉचेस्टरमधील तिच्या नोकरदारांची संख्या सर्वाधिक होती ती १९८२ मध्ये, ६०,४०० इतकी. शहराने आजवर गमावलेल्या वस्तीपैकी तीनचतुर्थांश वस्ती कारखाना वाढत असताना, लाभांश वाटला जात असताना, पगार चांगले असतानाच निघून गेली होती.

ती फार लांब गेली नाही. ज्या मनरो काउंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागात, हे शहर वसले आहे, तिची लोकसंख्या १९५० मध्ये पाच लाखांच्या आत होती. १९७० पर्यंत ती सात लाखांवर गेली. पिट्सफर्ड, ब्रायटन, ग्रीस, पेनफिल्ड, वेब्स्टर ही भोवतालची गावे भरत गेली. नवे रस्ते, स्वस्त गृहकर्ज आणि मोठी अंगणे यांची ओढ होतीच. पण प्रत्येक कुटुंबाला तेथे जाण्याची मुभा नव्हती, हे त्या स्थलांतराचे सर्वांत दुखरे अंग आहे. कित्येक वसाहतींच्या खरेदीखतांत हे घर कृष्णवर्णीयांना विकू नये अशी अट लिहिलेली असे, आणि शहरातील जुन्या वस्त्यांना कर्ज देणे धोक्याचे आहे असे सरकारी नकाशेच सांगत असत.

नेमक्या त्याच काळात दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे कामाच्या शोधात येथे येत होती. १९५० मध्ये शहरात त्यांची संख्या आठ हजारांच्याही आत होती. १९६४ पर्यंत ती तीस हजारांवर गेली. त्यांना घरे मिळाली ती सातव्या वॉर्डातल्या आणि तिसऱ्या वॉर्डातल्या दाटीवाटीच्या इमारतींत. बड्या कारखान्यांतील नोकऱ्या नात्यागोत्यांतून आणि ओळखीपाळखीतून मिळत असल्याने, ज्याचे कोणी आत नाही त्याच्यासाठी ते दार जवळजवळ बंदच होते. २४ जुलै १९६४ च्या रात्री रस्त्यावरील एका नृत्याच्या कार्यक्रमात पोलिसांनी एका तरुणाला अटक केली आणि सारे साचलेले उफाळून आले. तीन दिवस दंगल चालली, गव्हर्नरांनी नॅशनल गार्ड या राखीव सैन्याला पाचारण केले, हजाराच्या आसपास लोकांना अटक झाली.

दंगलीनंतर चर्चच्या पुढाकाराने ‘फाइट’ ही संघटना उभी राहिली. रेव्हरंड फ्रँकलिन फ्लॉरेन्स यांच्या नेतृत्वाखाली तिने कोडॅककडे मागणी केली, की सहाशे बेरोजगारांना शिकवून कामावर घ्यावे. डिसेंबर १९६६ मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्याने तसा करार केला, आणि पुढच्याच काही दिवसांत वरिष्ठांनी तो अमान्य केला. एप्रिल १९६७ मध्ये संघटनेची माणसे न्यू जर्सीत भरलेल्या भागधारकांच्या सभेवर जाऊन धडकली, त्यानंतर जूनमध्ये समेट झाला. सहाशे नोकऱ्यांचा प्रश्न होता. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत कोडॅकचा विस्तार होतच राहिला, हे लक्षात घेतले म्हणजे तो नकार किती महागात पडला असावा याचा अंदाज येतो.

[दृश्य : युनियन स्ट्रीट. नव्या इमारती, सायकलींचा मार्ग, कोवळी झाडे.]

हा रस्ता नीट पाहावा. आज येथे तीन-चार मजली सदनिका आहेत, पदपथ आहेत, आणि एका टोकाला खेळांचे मोठे राष्ट्रीय संग्रहालय आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी येथे जमीनच नव्हती. येथे खोल खणलेला द्रुतगती मार्ग होता, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, आणि पलीकडे जायचे तर मोजके पूल. १९५२ पासून १९६५ पर्यंत बांधलेल्या या ‘इनर लूप’ने शहराच्या गाभ्याभोवती खंदकासारखे कडे केले होते. उपनगरातल्या नोकरदाराने थेट कचेरीच्या वाहनतळावर उतरावे आणि संध्याकाळी तसेच परत जावे, अशी त्यामागील योजना. त्यासाठी शेकडो घरे आणि दुकाने पाडली गेली. गावातली माणसे बाहेर गेली, तसा हा मार्गही ओस पडला. अखेर २०१४ ते २०१७ या काळात त्याचा पूर्वेकडील भाग मातीने भरून बुजवला गेला. महापालिकेने केलेली चूक महापालिकेनेच बुजवावी, असे उदाहरण कोठेही विरळाच, म्हणून ते नोंदवावेसे वाटते.

कोडॅकची उतरण वस्ती अशी बाहेर गेल्यानंतरची. १९७५ मध्ये कोडॅकच्याच प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. पाव भाजण्याच्या यंत्राएवढे ते खोके एक अंधूक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद घेत असे. कंपनी फिल्मच्या नफ्यावर उभी होती आणि त्यालाच चिकटून राहिली. २००७ मध्ये कोडॅक पार्कमधील जुन्या इमारती सुरुंगांनी पाडल्या गेल्या, तेव्हा तेथे राबलेली माणसे ते पाहण्यासाठी जमली होती. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीत संरक्षण मागितले. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली आणि आजही चित्रपटांची फिल्म येथेच बनते. पण साठ हजारांच्या जागी आता दोन हजारही माणसे उरलेली नाहीत.

एवढे होऊनही महानगर परिसरातील एकूण नोकऱ्या कोडॅकच्या सुगीच्या काळापेक्षा कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या. आजचा सर्वांत मोठा रोजगारदाता आहे रॉचेस्टर विद्यापीठ आणि त्याचे रुग्णालय. तेथे तीस हजारांच्या घरात माणसे काम करतात. विद्यापीठाची प्रकाशशास्त्र संस्था १९२९ मध्ये कोडॅक आणि बॉश अँड लॉम यांच्या साहाय्याने स्थापन झाली. १९८० च्या दशकात येथील लेसर प्रयोगशाळेत डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी केलेल्या कामाला २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रकाशाशी संबंधित अनेक लहान कंपन्या या परिसरात आजही टिकून आहेत, आणि त्यांतले ज्ञान बरेचसे जुन्या कारखान्यांतून निघालेल्या हातांचे आहे. वेगमन्स ही किराणा मालाची साखळी आणि पगारपत्रके सांभाळणारी पेचेक्स याही येथल्याच.

मात्र नोकरी म्हटली म्हणजे सगळ्या सारख्या नसतात. कोडॅकमध्ये फक्त शाळा शिकलेल्या माणसाला घर घेता येईल असा पगार मिळे. रुग्णालयात वरच्या टोकाला तज्ज्ञ डॉक्टर आणि संशोधक, खालच्या टोकाला मदतनीस, स्वयंपाकी आणि सफाई करणारे. मधली पायरी फार अरुंद. जुन्या कारखान्याने जो मध्यमवर्ग पोसला, तो पोसणारे दुसरे काही या गावाला अजून सापडलेले नाही.

[दृश्य : जेनेसीवरील पूल, संध्याकाळ. बसथांब्यावर हातांच्या खुणांनी बोलणारे विद्यार्थी.]

आज शहरात कृष्णवर्णीय रहिवासी एकतृतीयांशाहून अधिक आहेत, गौरवर्णीय साधारण एकतृतीयांश, आणि सुमारे पाचवा हिस्सा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, ज्यांत पोर्टो रिकोचे लोक अधिक. भूतान आणि म्यानमारमधून परागंदा झालेली कुटुंबेही येथे स्थिरावली आहेत. १९६८ पासून येथे कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय तंत्रसंस्था असल्याने कर्णबधिर रहिवाशांचे प्रमाणही मोठे आहे. दुकानात, चित्रपटगृहात, दवाखान्यात सांकेतिक भाषा दिसते आणि तिचे कोणाला नवल वाटत नाही.

उत्पन्नाचा तक्ता मात्र कठोर आहे. शहरातील कुटुंबाचे मध्यक उत्पन्न राष्ट्रीय मध्यकाच्या साठ टक्क्यांच्या आसपास आहे. दहापैकी जवळजवळ तीन माणसे दारिद्र्यरेषेखाली आहेत, आणि मुलांमध्ये हेच प्रमाण दहाला चारपर्यंत जाते. दहापैकी सहाहून अधिक घरे भाडेकरूंची आहेत. हेच आकडे शहराची हद्द ओलांडून पिट्सफर्डमध्ये मोजले, तर समृद्ध अमेरिकेचे चित्र उभे राहते, आणि हे अंतर मोटारीने जेमतेम वीस मिनिटांचे आहे.

शिरगणतीचे गुपित त्या हद्दीत आहे. शहराचे क्षेत्रफळ अवघे ९३ चौरस किलोमीटर. शहराचा शाळा-विभाग नेमका त्याच रेषेवर थांबतो, आणि पलीकडच्या प्रत्येक गावाचा स्वतंत्र शाळा-विभाग, स्वतंत्र मालमत्ता कर. ज्यांनी शहरात कमावले ते रेषेपलीकडे राहायला गेले, तेव्हा त्यांच्या घरांवरचा करही त्यांच्याबरोबर गेला.

[दृश्य : पहाट. पिवळी शाळा-बस.]

१९६५ मध्ये, दंगलीच्या पुढच्याच वर्षी, वेस्ट आयरंडिक्वॉइट या उपनगराने शहरातील पहिलीच्या काही मुलांना आपल्या शाळेत घेतले. त्यातून सुरू झालेली ‘अर्बन-सबर्बन’ योजना आजही चालू आहे आणि देशातील अशा सर्वांत जुन्या योजनांपैकी ती एक आहे. शहराच्या सरकारी शाळांत वीस हजारांहून अधिक मुले शिकतात. या योजनेत दर वर्षी जागा मिळते ती त्यांच्या तुलनेत अगदी थोड्यांना. त्या थोड्यांपैकी काही मुले आत्ता, उजाडण्याआधी, पाठीला दप्तर लावून कोपऱ्यावर उभी आहेत. बस येते, दार उघडते, आणि पंधरा मिनिटांत ती शहराची हद्द ओलांडते.