अंतर ठरलेलं, वेळ बदलती

मित्रहो, माझ्या हातात एक पृथ्वीगोल आहे आणि शिवणाचा साधा दोरा. दोऱ्याचं एक टोक टोकियोवर धरतो, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि घट्ट ताणतो. आता पाहा दोरा कुठून गेला. पॅसिफिक आडवा ओलांडून नाही, पार वर अलास्कावरून! दोन्ही शहरांचे अक्षांश जवळजवळ सारखे, म्हणून भिंतीवरच्या सपाट नकाशावर आपण त्यांना आडव्या रेघेनं जोडून मोकळे होतो. त्या रेघेनं विमान नेलं तर सुमारे 2,000 किलोमीटरचा फेरा पडेल. दोऱ्याची वाट हा बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीवर काढता येणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा, तुकडा आहे. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणतात ते याच तुकड्याच्या लांबीला. पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन काढायचा, दर अंशाला साधारण 111 किलोमीटर धरायचे. वैमानिकांचा नॉटिकल मैलही, म्हणजे 1,852 मीटर, अंशाच्या साठाव्या भागावरूनच आला.

पुष्कळ जण हे अंतर ताशी 900 किलोमीटरनं भागतात आणि वेळ मिळाली असं समजतात. पण 900 हा विमानाचा हवेतला वेग, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वाऱ्याचा झोत असतो. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळाच्या दिवसांत एक प्रवासी जेट न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. उलट दिशेला याच अंतरासाठी सात तासांहून जास्त लागणं नेहमीचंच.

जाताना गमावलं ते येताना भरून निघतं, असं वाटतं ना? करून पाहू. 5,500 किलोमीटर, वारा ताशी 150. वाऱ्यासोबत वेग 1,050, म्हणजे सव्वापाच तासांना थोडे कमी. वाऱ्याविरुद्ध 750, म्हणजे 7 तास 20 मिनिटं. बेरीज साडेबारा तासांच्या वर. वारा पडलेला असता तर सव्वाबारा तासांच्या आत! विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून नुकसान फायद्यापेक्षा मोठं. हा हिशेब मला फार आवडतो.

आणि आकाशही सगळ्यांना खुलं नसतं. हेलसिंकीहून टोकियोला रशियावरून साडेनऊ तासांच्या आसपास लागत. 2022 मध्ये ती वाट बंद झाली आणि प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ मात्र होते तिथेच आहेत.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात, त्यामुळे नुसती वजाबाकी करू नका. शिवाय वेळापत्रकातला कालावधी विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मोजतात, ते पलीकडच्या जागेवर उभं राहीपर्यंत. धावपट्टीच्या रांगेत घालवलेली वीस मिनिटं त्यातच येतात, आणि तेवढ्या वेळात अंतर तसूभरही कमी झालेलं नसतं.