पाटणादेवीला जाल, तेव्हा पायी फिरा

राम राम श्रोतेहो.

चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडच्या घरांना पाटणादेवी काही नवी नाही. कित्येकांची ती कुळदेवी. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. आपण जातो, नारळ फोडतो, दर्शन घेतो, झाडाखाली डबे उघडतो आणि उन्हं कलायच्या आत परत फिरतो. आज माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी गाडी खाली लावा, पोरांचे हात धरा आणि हा परिसर सावकाश पायी फिरा. आजी-आजोबांनाही झेपेल अशी ही वाट आहे, आणि हिच्यावर जे घडून गेलंय ते आपल्या पोरांना कळलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

चाळीसगावपासून साधारण अठरा किलोमीटरवर सातमाळ्याच्या कुशीत हे ठिकाण आहे. डोंगराच्या वर कन्नड तालुका, म्हणजे मराठवाडा. खाली आपलं खानदेश. १९८६ पासून हे सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं. त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत जायचं.

आधी महादेवाच्या देवळाकडे वळा. देवीच्या ओढीनं बरेच जण इकडे फिरकतच नाहीत, याची मला फार खंत वाटते. काळ्या दगडाचं, यादवकाळातलं हे देऊळ आहे. भिंत सरळ जात नाही, कोनाकोनांनी वळत जाते. पोरांना भिंतीलगत एक फेरी मारू द्या आणि कोन मोजायला सांगा. मोजताना दोघांचा आकडा जुळणार नाही, मग पुन्हा फेरी होईल. होऊ द्या. कोरीव मूर्तींना मात्र हात लावू देऊ नका, आणि शेंदूर-हळद तर नकोच.

आता देवीकडे चला. डोंगरी नदीची सोबत असते. पावसाळ्यात आणि नंतर काही दिवस पाणी खळाळत असतं. इथल्या भवानीच्या देवळात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख मिळाला आणि १८६५ च्या लेखात त्यांनी तो जगापुढे आणला. श्रोतेहो, या लेखाजवळ जरा थांबू या.

लेखात काळ दिला आहे तो असा: शके ११२८, श्रावणातली पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. देवगिरीच्या यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ राजे तेव्हा इथे राज्य करत होते. त्यांच्यातल्या सोइदेवानं ग्रहणाच्या वेळी हातावर पाणी सोडून एका मठाला दान दिलं. मठ कशासाठी? थोर गणिती आणि ज्योतिषी भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि त्यांचे इतर ग्रंथ शिकवण्यासाठी. तो काढला होता त्यांच्या नातवानं, चांगदेवानं. हा चांगदेव म्हणजे यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आणि मठाचा खर्च भागायचा कसा, तर पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला लावून दिलेलं. हा तपशील चक्क जुन्या मराठीत कोरलेला आहे. म्हणजे इथे पेठ होती, गिऱ्हाईक होतं, आणि त्यांच्या पैशावर गणिताची शाळा चालत होती. आज जिथे साग आणि पळस उभे आहेत, तिथे!

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. आपलं गाव त्यांनी सह्याद्रीच्या पायथ्याचं विज्जडवीड असं सांगितलंय. ते नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पाटण हेच ते, असं मानणारेही बरेच आहेत. त्या वादाचा निकाल काहीही लागो, त्यांच्या नातवाची शाळा इथेच होती, हे दगडावर लिहिलेलं आहे आणि मला तेवढं पुरतं.

देवळाच्या पुढे केदारकुंडाकडे वाट जाते. इथे पोरांना सावलीत बसवा आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथातलं भुंग्यांचं गणित घाला. भुंग्यांचा एक थवा. त्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर. या दोन हिश्श्यांत जेवढा फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले. एकच उरला, तो केवडा आणि मालती या दोघींच्या वासात मधेच घोटाळत राहिला. तर एकूण भुंगे किती? मोठ्यांनी लगेच बीजगणितात शिरू नये. लहानांना खडे गोळा करून मांडू द्या. उत्तर पंधरा येतं: तीन, पाच, सहा आणि तो एकटा. कुडा म्हणजे आपला पांढरा कुडाच, पावसाच्या तोंडावर फुलणारा. वाटेत दिसला तर तो पोरांना जरूर दाखवा.

लहान पोरं बरोबर असतील तर पावसात कुंडात उतरायचं नाही; शेवाळावरून पाय निसटतो. ज्यांचे पाय अजून शिवशिवत असतील त्यांच्यासाठी कण्हेरगडाच्या अंगाला नागार्जुन लेणं आहे, जैनांचं. ती चढण मात्र दमवते. पितळखोऱ्याची इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणीही इथून जवळच. पण तो बेत वेगळ्या दिवसाचा. एकाच दिवसात सगळं कोंबू नका.

जायचं श्रावण ते मार्गशीर्ष. चैत्र-वैशाखात खानदेशातलं ऊन आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा पोरांना नेऊ नये. सकाळी लवकर निघा, पाणी घरून भरून घ्या. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधा. प्लास्टिक नेलंच तर परत आणा. माकडांना काही देऊ नका. या जंगलात बिबट्या आहे. म्हणून पोरांना पुढे पळू देऊ नका आणि दिवस मावळायच्या आत नाक्याबाहेर पडा.

परतीच्या प्रवासात मोठ्या पोरांसाठी भास्कराचार्यांचंच आणखी एक गणित. नऊ हात उंच खांब. पायथ्याशी सापाचं बीळ, माथ्यावर मोर. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येताना मोरानं पाहिला आणि तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं. तर बिळापासून किती हातांवर मोरानं सापाला गाठलं? पायथागोरसचा नियम आठवला की उत्तर पूर्णांकात येतं. चाळीसगाव येईपर्यंत सुटायला हवं.