घाई लघवीची, पाय जड: एमएससोबत घरात वावरताना

(दृश्य: पंचवटीतला जुना वाडा. ओसरी, चौक, चौकापलीकडे संडास.)

या ओसरीवरून चौकापलीकडच्या संडासात जायला धडधाकट माणसाला फार तर पंधरा सेकंद लागतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्याला मिनिटभर लागू शकतं. आणि लघवीची घाई झाली की ती मिनिटभर थोपवून धरता येईलच असं नाही. कपडे ओले होतात ते या हिशेबात.

एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते. पायांकडे जाणारे निरोप मज्जारज्जूतून उतरतात. मूत्राशयाचे निरोप त्याच वाटेने, पण त्याहून खाली, अगदी शेवटच्या टोकापर्यंत जातात. म्हणून ज्याचे पाय कडक झालेत, त्याला लघवीचा त्रासही बहुतेकदा असतोच. डॉक्टरांना मात्र पायांचंच सांगितलं जातं. लघवीचं सांगायची लाज वाटते, आणि उपचार तिथेच अडतो.

त्रास दोन तऱ्हांचा असतो. एकात मूत्राशय पुरतं भरायच्या आधीच आकसतं. दीडशे मिलीलाच घाई होते. दुसऱ्यात मूत्राशय आकसतं, पण खालचा झडपेसारखा स्नायू त्याच वेळी सैल पडत नाही, आणि लघवी आत साचून राहते. दोन्हींत माणूस सारखा संडासाकडे जातो, त्यामुळे नुसतं ऐकून फरक कळत नाही. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करतात. आत १०० मिलीपेक्षा जास्त उरत असेल तर विचार बदलावा लागतो. हे न बघता मूत्राशय शांत करणारी गोळी सुरू केली, तर साचणं आणखी वाढतं.

तपासणीला जाण्याआधी तीन दिवसांची नोंद करा. खुणा असलेलं प्लॅस्टिकचं मापटं घ्या. वेळ, किती मिली झाली, किती प्यायलात, कपडे कधी ओले झाले, एवढंच लिहायचं. डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते.

(दृश्य: स्वयंपाकघर. तांब्या-भांडं.)

बाहेर जायचं म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही सवय घराघरांत दिसते. त्याने लघवी गडद होते, मूत्राशयाला चुरचुरते, जंतुसंसर्ग होतो, शौचाला खडा होतो, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर, थोडं थोडं करून प्या. कमी करायचा तो चहा. झोपण्याआधीचे दोन तास बेताने प्या.

लघवी साचत असेल तर दिवसातून चार ते सहा वेळा नळीने काढणं हा भरवशाचा उपाय. मोठ्यांना बहुधा १२ किंवा १४ नंबरची नळी लागते. आधी साबणाने हात धुवायचे. बायकांनी सुरुवातीला आरसा ठेवावा. त्यांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर असतो. पुरुषांना नळी बरीच आत घालावी लागते, तिला जेल लावायची. मध्येच अडली तर जोर करू नका. थांबा, सावकाश श्वास सोडा, आवळलेला स्नायू सैल पडला की ती पुढे सरकते. एका वेळी ५०० मिलीपेक्षा जास्त निघत असेल तर वेळा वाढवायच्या. हे प्रशिक्षित नर्सकडून एकदा समोर बसून शिकून घ्यावं. नंतर हात बसतो.

(दृश्य: पाऊल. चवडा फरशीला घासतो.)

आता चालणं. चवडा उचलत नाही, अंगठा उंबऱ्याला अडतो. पोटरीला बांधायचा हलका पट्टा, ज्याला एएफओ म्हणतात, चवडा वर धरून ठेवतो. काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी येते तेवढी तिची उंची हवी. टोकाचं रबर झिजलं की बदला. जिना चढताना आधी बळकट पाय, उतरताना आधी दुबळा.

कडकपणासाठी बॅक्लोफेन देतात. डोस जास्त झाला तर पाय लुळे पडतात, कारण काहींना उभं राहायला थोडा कडकपणाच आधार देतो. आणि ही गोळी एकदम बंद करू नये.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी आवरण गेलेल्या तंतूंतून निरोप नीट जात नाहीत. बाजार सकाळीच उरका, आंघोळीचं पाणी कोमट ठेवा.

घाई झाली म्हणून धावू नका, पडाल. जागीच थांबा, शक्यतो बसा, खालचे स्नायू आवळून धरा, कळ ओसरली की निघा. सलवारीला नाडीऐवजी इलास्टिक लावा. गाठ सोडण्यातही सेकंद जातात. संडासात भिंतीत घट्ट बसवलेला दांडा हवा, नळ किंवा टॉवेलची दांडी धरू नये, ती निखळते. रात्री पलंगाशेजारी कमोडची खुर्ची.

आणि पाय एका-दोन दिवसांत अचानक जड झाले, तर एमएसचा नवा झटका आला असं धरून स्टेरॉइडची घाई करू नका. आधी लघवी तपासा. लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी पाय असेच ढासळतात. साचलेली लघवी असलेल्यांना जळजळ, ताप जाणवेलच असं नाही. लघवी गढूळ होणं, वास येणं एवढंच दिसतं. संसर्ग बरा झाला की पाय बऱ्याचदा आधीसारखे चालू लागतात.